पत्र आलंय, पण वाचता येत नाही!

(सोसायटीच्या ज्येष्ठ सभासदांच्या मासिक बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. ‘हे लिहून द्या, घरी जाईपर्यंत विसरायला होतं’ अशी अनेकांची मागणी आल्यामुळे रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी दिला आहे.)



मागच्या महिन्यात इथे गुडघेदुखीवर व्याख्यान झालं, त्याच्या आधी मृत्युपत्रावर. त्या मानाने माझा विषय फारच किरकोळ वाटेल. संगणकावर ई-मेल उघडावी आणि आत मराठी मजकुराच्या जागी चौकोन, प्रश्नचिन्हं, नाहीतर डोक्यावर तुरे लावलेली इंग्रजी अक्षरं दिसावीत, हा तो विषय. मोबाइलवाले तरुण म्हणतील, ‘काका, आता कुठे असं होतं?’ होतं, बाबांनो. आपल्यापैकी पुष्कळ जण अजून टेबलावरच्या संगणकावर, आउटलुक किंवा थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये पत्रं वाचतात. अक्षर मोठं दिसतं, जुनी पत्रं जपून राहतात, खुर्चीत बसून निवांत वाचता येतं. आणि तिथेच हा त्रास होतो.

किरकोळ म्हणू नका असं मी का म्हणतो ते सांगतो. गेल्या वर्षी देखभाल शुल्काच्या फेररचनेची नोटीस कार्यालयातून ई-मेलने गेली. मराठीत होती. काही सभासदांकडे ती अगम्य खुणांच्या रूपात पोचली. एका आजींनी तर ‘व्हायरस आहे’ म्हणून ती पुसूनच टाकली. त्या सभेला आल्या नाहीत, आणि बिल वाढून आलं तेव्हा म्हणाल्या, ‘मला कुणी कळवलंच नाही.’ कार्यालय म्हणतं कळवलं, आजी म्हणतात कळवलं नाही, आणि गंमत म्हणजे दोघांचंही खरं! उपविधींप्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते. पण नोटीस दिली आणि वाचता आली नाही, तर ते चौदा दिवस कशाचे मोजायचे? पुढेमागे पुनर्विकासाचा विषय येईल. तेव्हा एकेका पत्राला घराच्या किमतीइतकं मोल असेल. म्हणून हा विषय आजच समजून घेऊ.

हे होतं तरी का?

मी संगणक इंजिनीअर नाही. बी.कॉम. होऊन बँकेत लागलो आणि बँकेतूनच निवृत्त झालो. म्हणून उदाहरणही बँकेतलंच देतो. आमच्या वेळी पैसे तारेने पाठवायचे, त्याला टी.टी. म्हणत. तारेत सांकेतिक खुणा असत आणि त्या खुणा उलगडणारी पुस्तिका कुलपात असे. पाठवणाऱ्या शाखेने एका पुस्तिकेप्रमाणे तार लिहिली आणि घेणाऱ्या शाखेने दुसरीच पुस्तिका उघडली, तर काय होईल? तारेतलं एक अक्षरही चुकलेलं नाही, तारवाल्याने चोख काम केलं आहे, तरी वाचणाऱ्याला काही बोध होणार नाही.

ई-मेलचं अगदी तसंच आहे. संगणकाला ‘अ’ कळत नाही की ‘ब’ कळत नाही, त्याला फक्त आकडे कळतात. कोणता आकडा म्हणजे कोणतं अक्षर, हे सांगणारं कोष्टक म्हणजे एन्कोडिंग. आपण त्याला ‘संकेतपुस्तिका’ म्हणू. पत्र एका संकेतपुस्तिकेने लिहिलं आणि दुसरीने वाचलं की विचित्र खुणा दिसतात. जपानी लोकांनाही हा त्रास इतका झाला की त्यांनी त्याला खास शब्द ठेवला, ‘मोजिबाके’. मोजि म्हणजे अक्षर आणि बाके म्हणजे रूप पालटणं.

संकेतपुस्तिका इतक्या झाल्या कशा, तेही थोडक्यात सांगतो. अमेरिकेत १९६३ साली ‘आस्की’ नावाचं कोष्टक ठरलं. त्यात जागा फक्त १२८. इंग्रजी अक्षरं, आकडे आणि विरामचिन्हं एवढ्यांनीच ती भरली. पुढे युरोपीय भाषांनी आणखी १२८ जागा घेतल्या आणि त्यांत तुरेवाली, टोपीवाली अक्षरं बसवली. विंडोजवरच्या अशा कोष्टकाचं नाव ‘विंडोज-१२५२’, मेनूत त्याला ‘वेस्टर्न’ म्हणतात. आपल्याकडे भारतीय लिपींसाठी ‘इस्की’ हे मानक झालं, भारतीय मानक ब्यूरोने ते १९९१ साली प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. जगातल्या सगळ्या लिपींना एकाच वहीत जागा देणारी ही पद्धत, आणि देवनागरी त्यात पहिल्या आवृत्तीपासून आहे. युनिकोडचे आकडे पत्रातून पाठवायची जी रीत आज सगळीकडे चालते, ती म्हणजे यूटीएफ-८. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या दोघांनी १९९२ साली ती तयार केली.

ई-मेलची मूळ व्यवस्था मात्र फक्त आस्कीचाच विचार करून उभारलेली होती. इतर भाषांची अक्षरं आणि जोडपत्रं तिच्यातून नेता यावीत म्हणून १९९२ साली ‘माइम’ नावाची पद्धत ठरली. तिच्याप्रमाणे प्रत्येक पत्राच्या माथ्यावर, आपल्याला एरवी न दिसणाऱ्या भागात, ‘चारसेट’ अशी एक नोंद असते. ‘माझी संकेतपुस्तिका अमुक’ असं पत्र स्वतःच सांगतं. ती नोंद नसली, चुकीची असली किंवा प्रोग्रॅमने मानली नाही, की गोंधळ झालाच म्हणून समजा.

आधी मोबाइलवर बघा

काहीही करण्याआधी एक चाचणी. तेच पत्र मोबाइलवर किंवा ब्राउझरमध्ये उघडून बघा. तिथे मराठी नीट दिसलं, तर पत्र धडधाकट आहे, दोष तुमच्या संगणकावरच्या प्रोग्रॅमचा किंवा फाँटचा. तिथेही तेच दिसलं, तर दोष बहुतेक वेळा पाठवणाऱ्याच्या बाजूला. बँकेत ताळा जुळला नाही की आधी फरक आपल्या वहीत की पलीकडच्या, हे ठरवायचो. हे त्यातलंच.

त्यानंतर लक्षणं बघायची. आजार पाच प्रकारचे असतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं.

लक्षण पहिलं : तुरेवाला ‘ए’ आणि नाण्यांची खूण

पडद्यावर पुन्हा पुन्हा इंग्रजी लहान ‘ए’ दिसतो, त्याच्या डोक्यावर तिरकी रेघ, आणि त्याला लागून चार कोपऱ्यांना टोकं फुटलेलं एक वाटोळं. हे दिसलं की आनंद माना! पत्र यूटीएफ-८ मध्ये आहे आणि प्रोग्रॅम ते ‘वेस्टर्न’ समजून वाचतो आहे. मजकूर पूर्ण शाबूत आहे.

हे मी इतकं छातीठोकपणे का सांगतो? कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन आकडे लागतात. त्यातला पहिला कायम तोच, आणि वेस्टर्न कोष्टकात त्या जागी तुरेवाला ‘ए’ बसलेला आहे. दुसरा आकडा दोनपैकी एक असतो. बहुतेक सगळी अक्षरं, काना आणि पहिली वेलांटी यांच्यासाठी जो आकडा आहे, त्या जागी ते टोकांचं वाटोळं आहे. ते ‘कोणतंही एक चलन’ दाखवायचं सर्वसाधारण चिन्ह. दुसरी वेलांटी, उकार, मात्रा आणि हलन्त यांच्यासाठी जो आकडा आहे, त्या जागी आहे जपानचा येन! म्हणजे बघा, ‘मराठी’ हा शब्द. म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी अशी पाच चिन्हं, म्हणून पंधरा खुणा उमटतात. त्यात ‘म’चं शेपूट म्हणजे वर्तुळातला इंग्रजी ‘आर’, ‘र’चं म्हणजे अंशाचं चिन्ह, कान्याचं म्हणजे पाऊण. आणि दुसरी वेलांटी येते येन आणि युरो घेऊन. आयुष्यभर परकीय चलनाचे दर बघितलेल्या माणसाला आपल्याच भाषेत येन आणि युरो सापडावेत, याची मला मोठी मौज वाटली.

आता औषध. थंडरबर्डमध्ये ते पत्र उघडा. वर मेनू दिसत नसेल तर कीबोर्डवरचं ‘ऑल्ट’ बटण दाबा, म्हणजे दिसेल. ‘व्ह्यू’ मध्ये जा. नव्या आवृत्तीत ‘रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग’ असं आहे, ते दाबलं की प्रोग्रॅम स्वतःच योग्य पुस्तिका शोधतो. जुन्या आवृत्तीत ‘टेक्स्ट एन्कोडिंग’ अशी यादी उघडते, तिच्यातून ‘युनिकोड’ निवडायचं. ऑफिसबरोबर येणाऱ्या जुन्या पद्धतीच्या आउटलुकमध्ये पत्रावर दोनदा क्लिक करून ते स्वतंत्र खिडकीत उघडा. मग ‘ॲक्शन्स’, त्यात ‘अदर ॲक्शन्स’, त्यात ‘एन्कोडिंग’, आणि तिथे ‘युनिकोड यूटीएफ-८’. आवृत्तीप्रमाणे जागा थोडी इकडेतिकडे होते, शब्द मात्र हेच. तुरे गळून पडतात आणि मराठी समोर येतं.

लक्षण दुसरं : नुसती प्रश्नचिन्हं

ओळीच्या ओळी साध्या प्रश्नचिन्हांनी भरलेल्या. हे दिसायला सगळ्यात सौम्य आणि प्रत्यक्षात सगळ्यात वाईट. पाठवणाऱ्याच्या प्रोग्रॅमने पत्र वेस्टर्न कोष्टकात बसवायचा प्रयत्न केला. तिथे ‘म’ला जागाच नाही, म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी त्याने प्रश्नचिन्ह ठेवलं. मूळ आकडे वाटेतच फेकले गेले. तुम्ही कितीही एन्कोडिंगं बदला, जे आलंच नाही ते दिसणार कुठून? यात एकच उपाय. पाठवणाऱ्याला फोन करा आणि पत्र पुन्हा मागवा.

साधं प्रश्नचिन्ह आणि काळ्या शंकरपाळ्यातलं पांढरं प्रश्नचिन्ह यांत मात्र फरक आहे. शंकरपाळं दिसलं तर अर्थ असा, की प्रोग्रॅम पत्र यूटीएफ-८ समजतो आहे पण आतले आकडे त्या पद्धतीचे नाहीत. तिथे एन्कोडिंग बदलून बघायला वाव असतो.

लक्षण तिसरं : रिकामे चौकोन

अक्षरागणिक एक रिकामी चौकट. इथे संकेतपुस्तिका बरोबर आहे, पण अक्षराचं चित्र काढायला लागणारा फाँट संगणकात नाही. विंडोज एक्सपीवर हे हमखास व्हायचं. तिथे कंट्रोल पॅनेलमधल्या ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’मध्ये जाऊन भारतीय भाषांच्या फायली बसवाव्या लागत. विंडोज ८ पासून ‘निर्मला यूआय’ हा फाँट आयताच येतो, त्यामुळे नव्या संगणकावर हा त्रास कमी. तरी झालाच, तर गूगलचा ‘नोटो’ हा देवनागरी फाँट फुकट मिळतो, तो बसवा. त्याच्या नावाचीही कथा आहे. या रिकाम्या चौकोनांना गमतीने ‘टोफू’ म्हणजे सोयाबीनचं पनीर म्हणतात, आणि ते दिसू नयेत म्हणून हा फाँट, ‘नो टोफू’ वरून ‘नोटो’.

अक्षरं दिसतात पण वेलांटी भलतीकडे, जोडाक्षरं सुटी, किंवा मात्रेखाली ठिपक्यांचं वर्तुळ, असं झालं तर तेही बहुधा फाँटचं किंवा जुन्या प्रोग्रॅमचं दुखणं. आपला ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ यांत पहिला मोडतो. हिंदीला तो लागत नसल्यामुळे जुन्या फाँटवाल्यांनी त्याची फारशी फिकीर केली नव्हती.

लक्षण चौथं : इंग्रजी अक्षरांची खिचडी

यात तुरेवाला ‘ए’ पुन्हा पुन्हा येत नाही. साधी इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं यांचा अर्थहीन काला दिसतो. हा आजार खास आपल्या पिढीचा. युनिकोड रुळण्याआधी शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी अशा फाँटांत आपण मराठी टाइप करत होतो. त्यात युक्ती अशी होती, की आकडा इंग्रजी अक्षराचाच ठेवायचा, फक्त फाँटमध्ये त्या अक्षराचं चित्र मराठी काढायचं. म्हणजे रावणाने साधूचा वेष घेतल्यासारखं! फाँट आहे तोवर मराठी, फाँट काढला की मूळ इंग्रजी. इथे एन्कोडिंग बदलून काहीही होत नाही. एक तर तोच फाँट बसवायचा, नाहीतर त्या फाँटचा मजकूर युनिकोडमध्ये आणणारा परिवर्तक वापरायचा. आणि फाँटचं नाव आधी माहीत हवं, कारण प्रत्येकाची चित्रं वेगळ्या जागी असतात.

याबाबत एक प्रसंग सांगतो. सांगायची परवानगी घेतली आहे, नाव सांगत नाही. आपल्या एका शेजारीणबाईंचे यजमान वारले त्याला बरीच वर्षं झाली. बँकेतले नव्हते, पण पत्रलेखनात बँकेतल्यासारखे काटेकोर. मुलगी शिकायला बाहेर होती तेव्हा ते दर रविवारी तिला मराठीत ई-मेल लिहीत. जुना संगणक बंद पडायला आला, म्हणून मुलाने सगळी पत्रं नव्या संगणकावर घेतली. उघडून बघतात तर खिचडी. एकही ओळ लागेना. बाई मला म्हणाल्या, ‘भाऊ, ते गेले तेव्हा पत्रं तरी आहेत असं वाटलं होतं. आता तीही गेली.’

पत्रं कुठेही गेली नव्हती. प्रश्न फाँटचा होता. त्यांच्या मुलाने सुदैवाने जुनी डिस्क भंगारात दिली नव्हती. तिच्यातल्या विंडोजच्या ‘फाँट्स’ फोल्डरमध्ये तो मराठी फाँट तसाच होता. त्याची फाईल नव्या संगणकात आणली, उजवं क्लिक करून ‘इन्स्टॉल’ केली, ई-मेलचा प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला. पहिलंच पत्र समोर आलं. त्यात मुलीला लिहिलं होतं की छत्री घेतल्याशिवाय बाहेर पडू नकोस आणि आईने लिंबाचं लोणचं घातलंय. बस, एवढंच. बाईंनी ते पत्र तीनदा वाचलं. नंतर आम्ही एकेक पत्र उघडून त्याची पीडीएफ केली, कारण पीडीएफमध्ये फाँट सोबत बांधून ठेवता येतो.

म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं. जुना संगणक भंगारात देण्याआधी ‘फाँट्स’ फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. भांडी विकताना आपण आत काही राहिलंय का ते बघतो ना, तसं.

लक्षण पाचवं : बरोबरच्या चिन्हांची माळ

एक बरोबरचं चिन्ह, मग ‘ई’ आणि शून्य, पुन्हा बरोबरचं चिन्ह, मग ‘ए’ आणि चार, अशी माळच्या माळ. किंवा विषयाच्या जागी बरोबरचं चिन्ह, प्रश्नचिन्ह आणि पुढे यूटीएफ-८ असं काहीतरी. हे पत्र अजून पाकिटातच आहे असं समजा. मघाशी सांगितलेल्या माइम पद्धतीने प्रवासासाठी मजकूर बांधला होता, पण माथ्यावरची नोंद वाटेत बिघडल्यामुळे तुमच्या प्रोग्रॅमला तो सोडता आला नाही. पुष्कळदा पत्र दोनचार हात फिरून आलेलं असतं. मूळ पाठवणाऱ्याकडून थेट मागवलं की नीट येतं.

माथ्यावरच्या नोंदी स्वतः बघायच्या असतील, तर थंडरबर्डमध्ये पत्र निवडून ‘कंट्रोल’ आणि ‘यू’ एकत्र दाबा. आउटलुकमध्ये पत्र उघडून ‘फाईल’, मग ‘प्रॉपर्टीज’. तिथे ‘चारसेट’ शब्दापुढे काय लिहिलंय ते वाचा. निम्मं निदान तिथेच होतं.

काय करू नये

पहिलं, बिघडलेलं पत्र पुसू नका. पाचपैकी चार आजारांत मजकूर जिवंत असतो.

दुसरं, बिघडलेलं दिसतंय तसंच ते पुढे पाठवू नका किंवा त्यावर उत्तर देऊ नका. तसं केलं की त्या तुरेवाल्या खुणाच खरा मजकूर म्हणून नव्याने नोंदल्या जातात आणि बिघाड पक्का होतो. चुकीच्या खतावणीवरून ताळेबंद काढल्यासारखं ते आहे. कॉपी-पेस्टही नको. आपल्या हलन्ताच्या तीन आकड्यांपैकी शेवटच्याला वेस्टर्न कोष्टकात अक्षरच नेमलेलं नाही. काही प्रोग्रॅम तो गाळून टाकतात आणि मग जोडाक्षरं कायमची सुटी होतात. दुसऱ्याला दाखवायचंच असेल, तर ‘फॉरवर्ड ॲज अटॅचमेंट’ वापरा, म्हणजे मूळ पत्र जसंच्या तसं जोडून जातं.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं. ‘तुमच्या संगणकात बिघाड दिसतोय, आम्ही दुरून दुरुस्त करून देतो’ असा अनोळखी फोन आला, तर ठेवून द्या. संगणकाचा ताबा त्याच्या हातात देणं म्हणजे तिजोरीची किल्ली देणं. अक्षरं न दिसण्याने कुणाचे पैसे जात नाहीत, पण ती दुरुस्त करून घेण्याच्या नादात जाऊ शकतात. फसवणूक झालीच तर लाजू नका, लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. आणि पत्र अनोळखी माणसाचं असेल, तर आत काय लिहिलंय हे बघायच्या उत्सुकतेपोटी त्यातलं जोडपत्र उघडू नका.

पाठवणाऱ्यांसाठी चार शब्द

कार्यकारिणी समोर बसली आहे म्हणून बोलून घेतो. वाचणाऱ्याने औषध घेण्यापेक्षा पाठवणाऱ्याने पथ्य पाळलेलं बरं.

एक, बाहेर जाणाऱ्या पत्रांची पद्धत यूटीएफ-८ ठेवा. थंडरबर्डच्या नव्या आवृत्तीत ती आपोआप असते. आउटलुकमध्ये ‘फाईल’, ‘ऑप्शन्स’, ‘ॲडव्हान्स्ड’ आणि तिथे ‘इंटरनॅशनल ऑप्शन्स’मध्ये बघा.

दोन, नोटीस पत्रातही लिहा आणि पीडीएफ करून जोडाही. विषयाच्या ओळीत सुरुवातीला दोन शब्द इंग्रजीत असू द्यात, म्हणजे बाकी सगळं बिघडलं तरी ‘सभेची नोटीस आहे’ एवढं कळेल.

तीन, तारीख, वेळ आणि रक्कम ई-मेलमध्ये इंग्रजी आकड्यांतही लिहा. छापील कागदावर मराठी आकडेच शोभतात, त्याबद्दल वाद नाही. पण इंग्रजी आकडे आस्कीतले. वेस्टर्न असो की यूटीएफ-८, त्यांची जागा सगळीकडे तीच, त्यामुळे ते बिघडत नाहीत. मराठी आकडे बिघडतात.

चार, रुपयाचं चिन्ह. २०१० साली आपल्याला हे सुंदर चिन्ह मिळालं आणि त्याच वर्षी ते युनिकोडमध्ये गेलं. पण यूटीएफ-८ मधलं हे चिन्ह वेस्टर्न म्हणून वाचलं, तर काय दिसतं? टोपीवाला ‘ए’, स्वल्पविरामासारखी एक खूण, आणि शेवटी वर चढवलेला छोटा ‘एक’. त्याच्या लगेच पुढे रक्कम! म्हणजे पाच हजाराच्या आधी एक बारीक ‘एक’ येऊन बसतो, आणि चष्मा हाताशी नसेल तर पाच हजाराचे पंधरा हजार वाचले जातात. ज्या माणसाने जन्मभर धनादेशावरची रक्कम आकड्यात आणि अक्षरात ताडून बघितली, त्याच्या पोटात हे बघून गोळा येतो. म्हणून बिलाच्या ई-मेलमध्ये चिन्हाऐवजी इंग्रजी ‘आर एस’ लिहा. थोडं जुनाट दिसेल, पण एक रुपयाही वाढणार नाही.

आणि पाचवं, जे संगणकाचं नाहीच. महत्त्वाची नोटीस गेली की चार दिवसांनी एकट्या राहणाऱ्या सभासदांना एक फोन करा, ‘वाचता आली का?’ म्हणून विचारा. ‘पोचली का?’ असं विचारू नका, कारण पोचलेली तर असतेच.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो, तेव्हा नोटीस फलकावर लागायची आणि जिना चढता चढता सगळे ती वाचायचे. वाचता न येणाऱ्याला शेजारी वाचून दाखवायचा. फलक अजून आहे, शेजारीही आहेत. फक्त पत्रं आता घराघरातल्या पडद्यावर एकटी उघडतात. तिथे काही अडलं, तर संकोच न करता दार वाजवा. दर रविवारी अकरा ते बारा मी सोसायटीच्या कार्यालयात बसतो. येताना संगणक उचलून आणायची गरज नाही. मोबाइलवर पडद्याचा एक फोटो काढून आणा, कोणतं लक्षण आहे ते फोटोवरूनही ओळखता येतं. चहा कार्यालयातर्फे, असं आताच सचिवांनी मान हलवून कबूल केलं आहे.